किडनी फर्स्ट क्लास होती

राही गेली त्या दिवशी संध्याकाळच्या आत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी पडली. 'लालासाहेब यांच्या पत्नी राहीबाई यांचे किडनीच्या आजाराने दुःखद निधन.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी तिथंच लिहिणार होतो की ती किडनीनं गेली नाही. पण ज्याची बायको गेली त्यानं ग्रुपवर दुरुस्त्या करणं बरं दिसत नाही, असं भावकीचं मत पडलं. म्हणून तिथं गप्प बसलो आणि इथं लिहितो. राहीची किडनी शेवटच्या दिवसापर्यंत चांगली होती. ती किडनी माझ्या आईची होती.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. राही माणातली, दहिवडीच्या पलीकडची. शेळ्यांच्या मागं उन्हात फिरून वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा भरलेली घागर एका हातानं डोक्यावर घ्यायची. मी सैन्यात ड्रायव्हर होतो, वर्षातून एकदा घरी यायचो. आम्हाला मूल झालं नाही. रिटायर होऊन आलो आणि म्हटलं आता दोघं मिळून राहू, तर त्याच वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. माझी तपासणी केली तर मला साखर निघाली. तिची आई धोंडुबाई द्यायला तयार होती, पण रक्तगट जुळला नाही. तेव्हा माझी आई, बनुबाई, चुलीपुढून उठून म्हणाली, "माझी घ्या. मला दोन काय करायच्यात?"

सासू सुनेला किडनी देते यावर सरकारी समितीचा विश्वास बसेना. त्यांनी आईला एकटीला आत घेऊन विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

आई म्हणाली, "माझ्यावर? माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचा हाय."

परवानगी मिळाली.

ऑपरेशन चांगलं झालं. गावात आल्यावर मानसिंगरावांनी सत्कार ठेवला. मानसिंगराव म्हणजे आमचे माजी सरपंच, आता पतसंस्थेचे चेअरमन. फ्लेक्सवर आईचा फोटो होता, मानसिंगरावांचा त्याहून मोठा होता, राहीचा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "लालासाहेब, सत्कार देणाऱ्याचा आसतो. घेणाऱ्याचा काय सत्कार करायचा?" आईला शाल, नारळ आणि 'किडनीमाता' अशी पदवी मिळाली. राही खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होती.

तेव्हापासून राहीचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा, हा गावाचा विषय झाला. डेअरीवर एकमेकांना फॅट विचारतात तसं लोक मला विचारायचे, "लालासाहेब, औंदा किती लागलं?"

"एक पॉइंट एक."

"झकास!" आणि लगेच पुढं, "बनुकाकीचा मालच तसा हाय."

आई या मालाची राखण करायला लागली. राही उंबऱ्याबाहेर पडली की आतून हाक यायची, "माझी किडनी घिऊन कुठं निघालीस?" डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडक उन्हात जाताना डोकं, अंग झाकून घ्या. आईनं त्याचं 'उन्हात जायचंच न्हाई, किडनी तापती' असं केलं. दुधानं खडा होतो असं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून गोठ्यातल्या दोन म्हशींचं दूध सगळं डेअरीला जायचं आणि राहीला कोरा चहा. चालायचं नाही, जिना चढायचा नाही, वाकायचं नाही. शेजारपाजारच्या बायाही राखणीला होत्याच. राही परड्यात जाऊन उभी राहिली तरी कुणीतरी कुंपणावरून ओरडायची, "बनुकाकी, तुमची किडनी उन्हात हाय!"

राही हसायची. मला म्हणायची, "आवं, मी ह्या अंगात भाडेकरू हाय. मालकीण सासूबाई."

मग एकदा उंबऱ्याला पाय अडकून ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तर बघायला माणसं आली.

"किडनीला धक्का न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं. हाताचं काय, हात दोन हायत."

पुढच्या वर्षी तिची पाठ दुखायला लागली. साडीच्या निऱ्या जमिनीला लागायला लागल्या. ती म्हणायची साडी आटायच्या ऐवजी वाढतीय. साडी तेवढीच होती, राही कमी होत होती. सहा महिन्यांनी पुण्याला किडनीच्या डॉक्टरांकडं जायचो. ते रिपोर्ट बघून म्हणायचे, "फर्स्ट क्लास." राही म्हणायची, "डाक्टरसाहेब, पाठ लय दुखती." ते म्हणायचे, "दुखण्याची गोळी अजिबात घेऊ नका, किडनीला वाईट असते." बाहेर माणसांची रांग असायची. आम्ही फर्स्ट क्लास घेऊन परत यायचो.

शेवटी मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. पडली म्हणावं इतकीही पडली नव्हती, टेकली होती. कराडला दवाखान्यात खुब्याचा मोडका गोळा काढून स्टीलचा घातला. हाडांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाडं खडूसारखी झालीयत. किडनीच्या जुन्या आजारानं हाडं आधीच खराब होतात. नवी किडनी बसवली की ती टिकवायला स्टिरॉइडची गोळी लागते, ती हाडं आणखी पोखरते. म्हणून हाडांची तपासणी करत राहायची असते, औषधं असतात. कुणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "क्रिएटिनीन सांगितलं."

चौथ्या दिवशी, अंथरुणात पडून पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि राही गेली. त्या सकाळी तिचं क्रिएटिनीन एक पॉइंट एक होतं.

मातीला धोंडुबाई आणि तिचा मुलगा तानाजी आले. तानाजी राहीचा धाकटा भाऊ. घरातलाच आजार, त्याच्याही किडन्या गेलेल्या. साताऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. त्याला धोंडुबाईचा रक्तगट जुळला होता आणि राहीच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात दोघांना शेवटच्या तपासणीला बोलावलं होतं. माती झाल्यावर तो मला गोठ्याकडं घेऊन गेला. बहिणीसाठी रडून त्याचे डोळे सुजले होते, पण बोलायचं दुसरंच होतं.

"दाजी, आई न्हाई म्हणतीया."

"कशाला?"

"किडनी द्यायला. म्हणती, एक पोरगी किडनीनं खाल्ली, आता पोराला माझ्या हातानं घालवू व्हय? माझं डायलिसिस लय दिस चालायचं न्हाई दाजी, डाक्टर बोलल्यात. तुमी सांगा तिला."

मी सांगितलं. धोंडुबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. म्हणाली, "जावईबापू, तुमी तुमच्या आईची बाजू घेणारच. सगळं गाव किडनी म्हणतंय, तुमी एकटं हाड म्हणताय."

तिचं चुकत नव्हतं. मतदान घेतलं असतं तर हाड पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला मातीपेक्षा जास्त माणूस येतो, कारण तिथं भाषणं असतात. एकजण राख सावडतो, बाकीचे मंडपात बसतात, आणि पुढारी मयताबद्दल चांगलं बोलतात. मानसिंगराव या कामात तयार आहेत. त्यांचं भाषण कुणाच्याही रक्षेला चालतं, फक्त नाव बदलावं लागतं, तेही कधीकधी राहून जातं.

सावडायला भावकीतला केरबाआण्णा बसला. त्यानं राखेवर पाणी शिंपडलं आणि हाडं वेचायला लागला. थोडा वेळ वेचलं आणि हात वर करून म्हणाला, "पुण्यवान बाई! हाडं बघा, चिमटीत धरली की भुगा. एवढी हलकी हाडं फक्त पुण्यवानाची आसत्यात."

बायकांनी हात जोडले.

मग केरबाआण्णाचा हात थांबला. त्यानं राखेतून काहीतरी बाहेर ओढलं. लिंबाएवढा गोळा, त्याला खाली वीतभर दांडा. पाण्यानं धुतल्यावर उन्हात चमकायला लागला.

"आरं, हे काय गावलं?"

सगळे पुढं सरकले. मागून कुणीतरी म्हणालं, "किडनी!"

"व्हय की! बसवली न्हवती का. बसवलेला पार्ट जळंल कसा?"

एक मोटारी दुरुस्त करणारा म्हणाला, "वाल दिसतोय. पानी उलटं जाऊ नये म्हणून आसतोय तसला."

दोघातिघांनी मोबाईल काढून फोटो घेतले. एवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. "थांबा. ही लोखंडाची हाय. मग बनुकाकीची कुठं हाय?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरांनी खरी काढून घेतली आणि लोखंडी बसवली, असा निकाल दोन मिनिटांत लागला. आई बायकांतून उठली. "माझी किडनी इकली? आरं, मी सुनंला दिली हुती, बाजारात न्हाई दिली!"

आणि तिच्या पलीकडं धोंडुबाई उठली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं तानाजीचा दंड धरला. "चल घरला. चल म्हणती ना. माझी पोरगी लोखंड पोटात घिऊन मेली. तुझ्या पोटात मी असलं घालू द्यायची न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

"आई, आगं ऐक तरी..."

"काय ऐकायचं? तुझ्या दाजीचं? ह्यांच्या घरात ऐकूनच तिची राख झाली."

आई गर्रकन वळली. "विहीणबाई, तोंड सांभाळून. मी पोट फाडून घेतलं हुतं तुमच्या पोरीसाठी."

"आन् माझ्या पोरीला मिळालं काय? लोखंड!"

दोघींना धरायला बायका पुढं झाल्या. मानसिंगरावांना वाटलं आता आपण परिस्थिती हातात घ्यावी. त्यांनी माईक उचलला. "शांत व्हा, शांत व्हा. आज आपल्या गावात एक न भरून येणारी पोकळी निर्माण झालेली आहे. राहीबाई ह्या किडनीशी झुंज देत होत्या. शेवटी किडनीनं दगा दिला..."

"कुणाच्या किडनीनं दगा दिला रं, मानसिंग?" आई ओरडली.

मानसिंगराव अडखळले. "काकी, तुमच्या न्हवं. म्हंजे... एकूण विज्ञानानं दगा दिला."

तानाजी मंडपाच्या कडेला उभा होता आणि धोंडुबाई त्याला ओढत होती. रस्त्यावर त्यांची जीप उभी होती. मला दिसलं की ती जीप आता निघाली तर परत पुण्याच्या रस्त्याला लागायची नाही. मी उठलो, केरबाआण्णाच्या हातातून गोळा घेतला आणि मानसिंगरावांच्या हातातून माईक.

केरबाआण्णा म्हणाला, "लाला, तू बोलायचं नसतंय. ज्याचं मानूस गेलं त्यानं गप ऐकायचं आसतंय."

"ऐकलं आण्णा. आता पुरे."

माईकवर मी जन्मात बोललो नव्हतो. तोंडाजवळ धरला तर किंचाळला. लांब धरून म्हणालो, "ही किडनी न्हाई. किडनी लोखंडाची नसती, मासाची आसती. आईची हुती तीच शेवटपर्यंत हुती, आन् ती राहीबरोबर जळली. हा खुब्याचा गोळा हाय. मोरीत पडून हाड मोडलं तवा कराडला बसवलाय."

"मग मेली कशानं?" मागून कुणीतरी.

"हाडानं. हाडं खडूवानी झाली हुती. केरबाआण्णा म्हणतोय पुण्याईनं भुगा झाली. पुण्याईनं न्हाई. किडनी टिकवायच्या गोळीनं झाली, आन् आपण तिला उन्हात जाऊ दिलं न्हाई, चालू दिलं न्हाई, दूध दिलं न्हाई, त्यानं आणखी झाली. मनगट मोडलं तवा तुमी काय इचारलं? किडनीला धक्का न्हाई न्हवं. पाठ दुखली तवा काय इचारलं? क्रिएटिनीन किती. सगळ्यांनी किडनीच सांभाळली. भवतीची बाई कुणी बघितली न्हाई."

मी आईकडं बघितलं नाही. तिच्याकडं बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"धोंडुमामी, किडनी वाईट न्हाई. डायलिसिसवर तानाजीची हाडं अशीच खराब होत्यात, आन् जीव बी जातोय. किडनी द्या. फकस्त त्याची हाडं पहिल्या दिवसापासनं बघायची. माझं एवढंच हाय."

मी माईक खाली ठेवला. मानसिंगरावांनी तो लगेच उचलला, पण काय बोलावं ते त्यांना सुचेना. त्यांचं भाषण किडनीचं होतं.

धोंडुबाईनं तानाजीचा दंड सोडला नाही, पण ओढायची थांबली. माझ्या हातातल्या गोळ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे हे पोटात न्हवतं?"

"न्हाई. खुब्यात."

"मी बघती," ती म्हणाली. "तुमचं बी ऐकलं, गावाचं बी ऐकलं. आता त्या डाक्टरलाच मी इचारणार. त्यानं नीट सांगितलं तर बघू, न्हाईतर तिथनंच माघारी."

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. मी ताट घेऊन गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "मला कुणी सांगितलं न्हाई लाला."

"मला बी न्हाई सांगितलं."

"दूध तरी द्यायचं हुतं रं." एवढंच बोलली. नंतर या विषयावर तिनं कधी तोंड उघडलं नाही. गावातल्या कुणी 'किडनीमाता' म्हटलं तर तिथून उठून जाते.

मानसिंगरावांवर मात्र माझ्या बोलण्याचा फार परिणाम झाला. तेराव्याच्या दिवशी शाळेपुढं फ्लेक्स लागला. 'कै. राहीबाई यांच्या स्मरणार्थ भव्य मोफत अस्थी तपासणी शिबिर.' या वेळी राहीचा फोटो होता, कारण आता ती कै. झाली होती. मशीन आलं, दोन मुली आल्या, खुर्च्या मांडल्या. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. आमच्याकडं अस्थी म्हणजे सावडल्यावर गाडग्यात भरतात त्या. जिवंतपणी त्या तपासून घ्यायला कोण जाणार? शालूबाई नावाची एक म्हातारी तेवढी पिशवी घेऊन गेली. पिशवीत नवऱ्याच्या अस्थी होत्या, पंढरपूरला न्यायच्या म्हणून मागं ठेवलेल्या. ती म्हणाली, "तपासून द्या बाई, ह्यांचं काय राहिलंय का." त्या मुली घाबरून मशीन बंद करून बसल्या. मानसिंगरावांनी फोटो काढून घेतले आणि पेपरात 'शिबिरास उदंड प्रतिसाद' असं छापून आलं.

दुसऱ्या दिवशी मी धोंडुबाई आणि तानाजीला घेऊन पुण्याला गेलो. वाटेत साताऱ्याला चहाला थांबलो तरी ती खाली उतरली नाही. तानाजी मागच्या सीटवरून आरशात बघून मला खुणावायचा, काय वाटतं म्हणून.

डॉक्टर तरुण होते, नवीन आलेले. कॉम्प्युटरवर बघत म्हणाले, "या आजी. तुमचे रिपोर्ट छान आहेत. किडनी एकदम फर्स्ट क्लास."

धोंडुबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "ते मला म्हाईत हाय. ती र्‍हाऊ दे. ह्याच्या हाडांचं काय ते बोल."

"हाडांचं ना? ते नंतर बघू. आधी किडनी व्यवस्थित बसू दे."

धोंडुबाई उठली. पिशवी काखेत मारली. "बरं. मग मी बी नंतर देती. चल रं तान्या."

तानाजीचा चेहरा पडला. मी उठून दारात आडवा झालो, पण ती माझ्याकडं बघत नव्हती, डॉक्टरांकडं बघत होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून हात काढला. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तानाजीला नीट पाहिलं, नखशिखांत.

"बसा आजी," ते म्हणाले. "बसा. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. आत्ताच बघू."

त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी रक्तातलं कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि गळ्यातल्या एका ग्रंथीचं काम तपासायचं. हाडांच्या घनतेचा फोटो आता एकदा काढायचा, ऑपरेशननंतर पुन्हा काढायचा. पहिल्या वर्षात हाड सगळ्यात जास्त झिजतं, तेव्हा जास्त लक्ष ठेवायचं. गोळीचा डोस जमेल तसा कमी करत न्यायचा. रोज चालायचं.

"दूध?" धोंडुबाईनं विचारलं.

"चालेल. किती ते रिपोर्ट बघून सांगतो."

"ऊन?"

"सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यायचं. दुपारी टोपी, पूर्ण बाही."

"पाठ दुखली तर?"

"तर लगेच यायचं. माझ्याकडं आला नाहीत तर हाडांच्या डॉक्टरांकडं जा, पण घरी बसायचं नाही."

"रांग आसली बाहेर तर?"

डॉक्टर थोडं हसले. "रांग असली तरी मी ऐकेन." मग त्यांनी विचारलं, "आजी, आजवर इतके पेशंट बघितले, किडनी द्यायला आलेल्या कुणी आधी हाडांचं विचारलं नव्हतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

मला वाटलं ती माझ्याकडं बोट दाखवेल.

"माझ्या पोरीनं," धोंडुबाई म्हणाली आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. "कुठं उठवायचा?"